मनोरमाबाईंच्या जास्वंदी

मंडळी, गाणं झालं, नामाचा गजर झाला, आता जरा सावरून बसा. मागे खांबाला टेकलेले काका — हो, तुम्हीच! — डोळे मिटून ऐकायला हरकत नाही. फक्त घोरू नका, दुसरा माईक तिथंच लावलाय!

एक प्रश्न टाकतो. सोपा वाटेल, तसा तो नाही. माणसानं एक चांगलं काम केलं. मनापासून केलं. पोटात पाप नाही, कशाची अपेक्षा नाही. आणि त्या चांगल्या कामातूनच कुणाचं तरी नुकसान झालं. तर मला सांगा — त्या नुकसानीचा धनी कोण? देव म्हणेल का, 'जाऊ दे, तुझा हेतू चांगला होता'? आणि समजा देव म्हणालाही तसं... तर ज्याचं नुकसान झालं, त्यानं काय म्हणायचं?

नको, उत्तर देऊ नका. आधी गोष्ट ऐका.

कृष्णाकाठी एक गाव आहे. नाव सांगत नाही. तिथले लोक मला अजून कीर्तनाला बोलावतात, ते बंद व्हायला नको! तर त्या गावात घाटाच्या वर गणपतीचं देऊळ, आणि देवळामागं अर्ध्या गुंठ्याची बाग. पंधरा जास्वंदी, एक अनंत, मोगऱ्याचा ताटवा, कुंपणाला तगर. एकदा लावली की वर्षानुवर्षं फुलत राहणारी झाडं सगळी. ही बाग लावली मनोरमाबाई सबनीस यांनी. गावच्या शाळेत बत्तीस वर्षं शिकवलं. अर्धं गाव त्यांच्या हाताखालून गेलेलं. त्यामुळे बाई बोलल्या की पंचसुद्धा आपोआप सरळ बसायचे — न जाणो, पाढे विचारतील!

निवृत्त झाल्या त्या वर्षी बाईंनी पहिली जास्वंद लावली. मूलबाळ नाही, यजमान आधीच गेलेले. मग काय! झाडं हीच मुलं. सकाळी सहाला बाई बागेत. एकेका झाडाशी बोलायच्या. माघातल्या गणेशजयंतीला देवाला एकशे आठ जास्वंदींचा हार घालायचा, तोही आपल्याच बागेतल्या फुलांचा, असा त्यांचा नेम. दहा वर्षांत एकदाही चुकला नव्हता.

आणि बाईंचा आणखी एक नेम होता. मुंग्यांना साखर. रोज सकाळी वाटीभर रवा-साखर घ्यायची आणि प्रत्येक जास्वंदीच्या बुंध्याशी चिमूट चिमूट टाकायची. जाणारे-येणारे बघायचे, हात जोडायचे. 'बाई म्हणजे दयेची मूर्ती हो!' बाई म्हणायच्या, 'छे, छे, मुके जीव आहेत, त्यांना कोण घालणार?' तोंडानं छे छे म्हणायच्या, पण मंडळी, खरं सांगू? बरं वाटायचं. कुणाला नाही वाटत? मला आत्ता कुणी 'बुवा, काय रंगलंय कीर्तन!' म्हणालं, तर मीही छे छेच म्हणेन!

त्याच देवळात हौसाबाई होती. हौसाबाई गुरव. सासऱ्याच्या काळापासून देवळाची झाडलोट, देवाची भांडी, रोजचा हार, सगळं त्या घराकडं. नवरा गेला, तरी हौसाबाईनं काम सोडलं नाही. बोलणं कमी, हात चालू. दर सोमवारी रिठे भिजवायची, चोळून फेस काढायची. त्या फेसानं देवाची चांदीची प्रभावळ लख्ख करायची. वेगळ्या बादलीत थोडं पातळ पाणी बाजूला ठेवलेलं असायचं, ते घेऊन बागेत जायची. केरसुणी त्यात बुडवायची आणि जास्वंदीच्या पानांवर शिंपडायची. वरून नव्हे हं — वाकून, खालून! पानांच्या पोटाला!

एकदा ती बाईंना म्हणाली, "बाई, रागावू नका, पण ती साखर जरा लांब टाका. त्या भिंतीकडं. मुंग्या झाडाला बऱ्या न्हाईत."

बाईंचा चेहरा उतरला. "हौसा, मुक्या जिवाच्या तोंडचा घास काढायला सांगतेस? आणि तेही देवाच्या दारात?"

बत्तीस वर्षं शिकवलेल्या बाईंपुढं ती काय बोलणार? ती शाळेत गेली होती दुसरीपर्यंत.

तर त्या वर्षी दिवाळी झाली आणि जास्वंदीची पानं कडेनं तपकिरी पडायला लागली. आधी एका झाडाची. बाईंनी पिकलं पान तोडावं तसं तोडलं. चार दिवसांनी दुसऱ्याची. मग कोवळे शेंडे आखडले, मूठ मिटल्यासारखे. कळ्या उमलायच्या आधीच गळायला लागल्या. पानांवर चिकट काहीतरी, त्यावर काजळी धरल्यासारखा काळा थर. बाईंना झोप येईना! घरात मूल आजारी पडल्यावर होतं ना, तसंच. सारखं हात लावून बघायचं — ताप आहे का, उतरला का?

बाईंनी काय काय केलं, ऐका. पाणी दुप्पट केलं — तहानलं असेल झाड! शेणखत घातलं — भूक लागली असेल! तालुक्याच्या दुकानातून औषध आणलं, तीन बाटल्या. दुकानदारानं विचारलं, 'कीड कसली आहे?' बाई म्हणाल्या, 'ते तुम्हीच सांगा!' आता त्यानं झाड पाहिलेलंच नाही, तो बिचारा काय सांगणार? त्यानं तिन्ही दिल्या. बाईंनी तिन्ही मारल्या.

आणि एक सोमवार. बाईंनी पाहिलं की हौसाबाई केरसुणीनं पाणी शिंपडतेय आणि पानांवर फेसाचे डाग पडतायत. डोक्यात एकदम उजेड पडला! म्हणजे बाईंना वाटलं, उजेड पडला. "हौसा! हे फेसाचं पाणी आजपासून बंद. त्यानंच जळतायत पानं."

"बाई, इतकी वर्सं टाकतेय मी. तवा न्हाई जळली."

"तेव्हा झाडं जोमात होती. आता सोसत नाही त्यांना. बंद म्हणजे बंद."

हौसाबाईनं बादली उचलली आणि गेली.

मंडळी, एक विचारतो. बाई रोज बागेत असायच्या. रोज झाड बघायच्या. मग त्यांना रोग का दिसला नाही? कारण बाई उभ्या राहून बघायच्या. वरून! वरून पान तपकिरी दिसतं, एवढंच. दुखणं होतं पानाच्या पोटाखाली, देठाच्या बेचक्यात. तिथं बघायचं तर कंबर वाकवावी लागते, आणि सत्तरीला आलेल्या बाईंची कंबर वाकत नव्हती. बरं, कंबर न वाकणं हा काही गुन्हा नव्हे. पण जी रोज वाकत होती, तिचं ऐकायला काय झालं होतं?

आली गणेशजयंती. आदल्या दिवशी पहाटे बाई टोपली घेऊन बागेत गेल्या. पंधरा झाडं धुंडाळली. फुलं निघाली किती? एकोणीस! त्यातली सात वेडीवाकडी. बाई टोपलीकडं बघत उभ्या राहिल्या. आणि तेवढ्यात त्यांना दिसलं — कोपऱ्यातल्या दोन झाडांच्या पानांवर फेस. ताजा, ओला फेस.

दुसऱ्या दिवशी देऊळ भरलेलं. देवाच्या गळ्यात बाजारातून आणलेला झेंडूचा हार. लोक कुजबुजतायत — या वर्षी जास्वंदी कुठं गेल्या? पंचांचे अध्यक्ष तात्या शिराळकर, तेही बाईंचेच विद्यार्थी, त्यांनी आपलं सहज विचारलं, "बाई, बागेला काय झालं हो?"

आणि बाईंचा तोल गेला. भर सभामंडपात त्यांनी हौसाबाईकडं बोट केलं. "हिला विचारा! मी मना केलं होतं. तरी चोरून साबणासारखं पाणी ओतते झाडांवर. काल मी डोळ्यांनी पाहिलं. दहा वर्षं जपलेली झाडं मारली हिनं!"

सगळं देऊळ वळलं. हौसाबाई हातात समया पुसायचं फडकं घेऊन उभी. तात्या म्हणाले, "हौसाबाई, टाकलंस का पाणी?"

"व्हय, टाकलं." ती म्हणाली. "झाडं मरत्यात म्हणून टाकलं."

झालं! 'टाकलं' एवढंच लोकांनी ऐकलं. पुढचं वाक्य कुणाच्या कानात शिरलंच नाही. कुणी म्हणालं, हिच्या मनात पहिल्यापासून बाईंबद्दल आकस. कुणी म्हणालं, आजकाल हिचं कामात लक्षच नाही. जो कधी देवळाची पायरी चढला नाही, त्यालाही त्या दिवशी मत होतं! पंचांनी संध्याकाळी निरोप धाडला — तूर्त कामावर येऊ नकोस. हौसाबाईनं कोठीची किल्ली गाभाऱ्याच्या उंबऱ्यावर ठेवली, देवाला नमस्कार केला, आणि दोन दिवसांत घराला कुलूप लावून पलीकडच्या गावी बहिणीकडं निघून गेली.

बाईंना वाटलं, सुटले. आता झाडं सुधारतील.

फाल्गुन गेला. चैत्र लागला. मंडळी, झाडं सुधारली का? उलट! पंधरापैकी अकरा जास्वंदी तपकिरी. फांद्या उघड्या पडल्या. अनंताला तर इतकं पाणी पाजलं होतं की तो मुळातून कुजला. हलवला तर हातात आला. बाई त्या खड्ड्याशी उभ्या राहिल्या. आयुष्यभर गणित शिकवलेली बाई ती! मनात हिशेब मांडायला लागली. रिठ्याचं पाणी थांबलं दिवाळीनंतर, आणि रोग वाढला. हौसानं चोरून पाणी टाकलं ती कोपऱ्यातली दोन झाडं. आणि आज पंधरात जरा बरी झाडं कुठली? तीच! कोपऱ्यातली!

बाईंनी हातातला अनंत खाली ठेवला.

त्या घरी गेल्या. शाळेतलं जुनं भिंग काढलं. लाकडी पाट आणला, पहिल्या जास्वंदीशी ठेवला, आणि दहा वर्षांत पहिल्यांदा झाडाच्या पायाशी बसल्या. वर उन्हाचा कडाका. बाईंनी एक पान उलटं केलं आणि भिंग धरलं.

कापूस! पानाच्या पोटाला, देठाच्या बेचक्यात, कळीच्या मुळाशी — पांढरा कापूस चिकटलेला. आणि तो कापूस हलत होता! पिठात लोळवल्यासारखे बारीक ढेकूण, झाडाचा रस पीत बसलेले. पिठ्या ढेकूण म्हणतात ना, तोच. आणि त्या किड्यांच्या भोवती कोण? मुंग्या! काळ्या, टपोऱ्या, पोसलेल्या मुंग्या. एक मुंगी आली, तिनं आपल्या मिशांनी किड्याला थापटलं, किड्यानं गोड चिकाचा थेंब सोडला, तो तिनं प्यायला. गवळी गायीला थापटून दूध काढतो तसं! एक दुसरी मुंगी तर ढेकणाचं एवढंसं पिल्लू तोंडात धरून नव्या फांदीकडं निघालेली. आणि तेवढ्यात एक लाल ठिपक्यांचा किडा आला, ढेकूण खाणारा, झाडाचा मित्र. चार मुंग्या त्याच्यावर धावून गेल्या, त्याला चावून हाकलून दिलं!

बाई मुंग्यांची रांग बघत बघत खाली आल्या. फांदीवरून खोड, खोडावरून बुंधा. बुंध्याशी मातीत भोकं, भुसभुशीत वारूळ. आणि वारुळाच्या तोंडाशी... काय होतं, मंडळी?

सकाळची साखर. स्वतःच्या हातानं टाकलेली.

(पेटीवाले, थांबा जरा. इथं सूर नको.)

बाई तशाच बसून राहिल्या. प्रत्येक झाडाच्या पायाशी त्यांनीच वसाहत वसवली होती. रोज खाऊ घालून वाढवली होती. चिमूटभर साखरेत एवढं मोठं गोकुळ भागेना, म्हणून त्या मुंग्यांनी वर गुरं पाळली होती. आणि त्या गुरांना जी बाई दर सोमवारी धुऊन काढत होती, तिलाच बाईंनी गावातून घालवलं होतं.

आता बघा हं. हे सगळं कुणाला माहीत होतं? एकट्या बाईंना! भिंग पेटीत ठेवलं असतं, साखर बंद केली असती, गुपचूप रिठे आणून शिंपडले असते — झाडं सुधारली असती, आणि गाव म्हणालं असतं, 'बघा, हौसाबाई गेली आणि बाग फुलली!' पुन्हा वर बाईंचंच कौतुक! सांगा, तुम्ही काय केलं असतं? घाई नाही. मनात सांगा.

बाईंनी तीन दिवस काही केलं नाही. हेही खरं आहे, आणि तेही सांगितलं पाहिजे. तीन दिवस त्यांनी स्वतःला समजावलं — मी काय मुद्दाम केलं? माझा हेतू वाईट होता का? चौथ्या दिवशी सकाळी हात सवयीनं साखरेच्या डब्याकडं गेला आणि तिथंच थांबला. बाईंनी डबा बंद केला, पातळ बदललं आणि एसटी पकडली.

हौसाबाई एका मंगल कार्यालयाच्या मागं सापडली. लग्न उरकलेलं, खरकट्या पातेल्यांचा ढीग, आणि ती कोपरापर्यंत राखेत. बाईंना बघून उठली. सवयीनं पदर सावरला.

"बाई, तुमी? हिकडं?"

"हौसाबाई," बाई म्हणाल्या. मंडळी, इतक्या वर्षांत पहिल्यांदा नावापुढं 'बाई' लागलं! "झाडं तुम्ही मारली नाहीत. मी मारली. मुंग्यांना मी पोसलं. तुम्ही सांगत होतात, मी ऐकलं नाही. मला माफ करा."

हातातलं पातेलं हौसाबाईनं पुरतं घासून काढलं, विसळलं, पालथं घातलं.

"बाई, हितं माफी मागून काय उपेग? हितं मला कोन वळखतं? तुमी बोट केलंत ते भरल्या देवळात. माझ्या सासऱ्याचं नाव होतं त्या देवळात. आता माझी भन बी कवा कवा माझ्याकडं बघती, म्हनती, कायतरी केलं असंलच हिनं."

हौसाबाईनं पुढचं पातेलं ओढलं.

"झाडं वाचतील," ती म्हणाली. "अजून येळ गेली न्हाई. मी येते. पन जिथं बोललात तिथंच बोला."

आली संकष्टी. चंद्रोदयाची वाट बघत देऊळ भरलेलं. बाई उठल्या, तसे तात्या शिराळकर पुढं झाले. त्यांना कुणकुण लागली होती. हळूच म्हणाले, "बाई, कशाला? झालं गेलं. हौसाबाईला कामावर घेतो परत, तुम्ही कशाला कमीपणा घेता?"

बाई म्हणाल्या, "तात्या, खाली बस." आणि तात्या बसले! पन्नाशी उलटलेले अध्यक्ष!

मग बाई बोलल्या. म्हणाल्या, "गणेशजयंतीला याच जागी उभी राहून मी खोटं बोलले. खोटं आहे हे तेव्हा मला माहीत नव्हतं. पण शोधलंही नव्हतं. बाग हौसाबाईंनी मारली नाही. त्या ती वाचवत होत्या. मी मना केलं, तरी चोरून वाचवत होत्या. बागेला रोग लावला तो माझ्या साखरेनं. तुम्ही सगळे माझ्या दयेचं कौतुक करायचात, आणि मला ते इतकं गोड लागलं की कुणी चूक दाखवली ते मला सोसलं नाही. चोर ठरवायचं तर मला ठरवा. या बाईचं नाव मी डागाळलं, ते आज तुमच्यासमोर पुसते."

सगळ्यांत मागं, दाराशी हौसाबाई बसली होती. रडली नाही. हात जोडले नाहीत. उठली, पदर खोचला आणि म्हणाली, "सकाळी कात्री लागंल. मोठी."

आणि सकाळी दोघी बागेत! हौसाबाईनं कापायला सुरुवात केली. गुडघ्याएवढी ठेवली झाडं! "हौसाबाई, एवढं?" "कीड हाय तितवर कापायचं बाई, अर्धं ठिवलं की फिरून चढती." कापलेल्या फांद्या लांब नेऊन जाळल्या. बुंध्याशी खणून वारुळं मोकळी केली. खोडाभोवती फडकं बांधून त्याला वंगण फासलं, म्हणजे मुंगी वर चढायला नको. पाणी निम्म्यावर आणलं. दर सोमवारी रिठ्याचं पाणी, उन्हं कलल्यावर, पानांच्या खालून. बाईंची कंबर वाकत नव्हती ना? पाटावर बसून करायच्या!

सगळं वाचलं असं नाही हं. चार जास्वंदी गेल्या. अनंत तर आधीच गेलेला. पण श्रावणात बाकीच्या अकरांना पालवी फुटली, आणि भाद्रपदात पहिलं फूल आलं. मुंग्यांना साखर? ती बाईंनी सोडली नाही! रोज टाकतात. फक्त घाटाकडच्या भिंतीपलीकडं, पडीक जागेत, आणि टाकण्याआधी आजूबाजूला चार पावलं फिरून बघतात.

आणि दोघींचं? तुम्हाला वाटेल, गळ्यात गळे पडले. नाही पडले. वर्षभर हौसाबाई कामापुरतं बोलायची. बाई चहा करायच्या, तो कप हौसाबाई घ्यायची आणि लांब पायरीवर जाऊन प्यायची. बाईंनी त्याबद्दल एक शब्द काढला नाही. रोज कप भरायच्या. तिच्या मनाला पालवी फुटायला जेवढे दिवस लागायचे होते, तेवढे लागू दिले.

तर मंडळी, माझा प्रश्न. नुकसानीचा धनी कोण? हेतू चांगला होता तो बाईंचाच, आणि झालेलं नुकसानही बाईंचंच. दोन्ही एकाच हाताचं. चांगुलपणा हा काही मूठ उघडली की संपला असा नसतो हो! जे टाकलं ते कुठं पडलं, त्यावर कोण पोसलं, कुणाचं पान करपलं — हे वाकून बघणं, तेही त्याच पुण्याईचं काम आहे. आणि बघितल्यावर चूक दिसली, तर ती जिथं केली तिथंच उभं राहून बोलणं, हे सगळ्यांत अवघड. उपास सोपा, प्रदक्षिणा सोपी. हे अवघड!

तुम्ही म्हणाल, बुवा, आमच्याकडं ना बाग, ना जास्वंद. असू दे. पण घरात कुणीतरी आहे ना — सून असेल, धाकटा भाऊ असेल, कामाला येणारी बाई असेल — जिनं तुम्हाला एकदा हळूच सांगितलं होतं, 'हे असं करू नका', आणि तुम्ही म्हणालात, 'तुला काय कळतंय?' कुणावर तरी चारचौघांत बोट केलंत, आणि नंतर एकट्यानं कळलं की तो खरा होता. कळलं, आणि गप्प बसलात. माफी मागितलीतही असेल, पण बंद दाराआड. हो ना?

आता आरती म्हणायची वेळ झाली आहे. ताट तयार आहे, निरांजन लागलंय. पण मी जरा थांबतो. ज्यांच्या मनात आत्ता एखादं नाव आलं असेल, त्यांनी उठावं, बाहेर पायरीवर जावं आणि त्या माणसाला फोन लावावा. लाजू नका, कुणी मागं वळून बघणार नाही. आम्ही इथं हळू आवाजात देवाचं नाव घेत बसतो.

जा. तुम्ही परत येईपर्यंत आरती सुरू होणार नाही.